दाखवायची दुकानं

“मागणीचं काय विचारता मॅडम, मार्चमध्ये माल पुरला नाही आम्हाला,” येमूलशेठ म्हणाले आणि त्यांनी मान वळवून रिकाम्या फळीकडे दाखवलं.

ती फळी आदल्या दिवशी मीच रिकामी करून घेतली होती. तिच्यावरच्या रंगाच्या बादल्या मागच्या गोडाऊनमध्ये गेल्या होत्या आणि गोडाऊनला कुलूप होतं. येमूलशेठ पुढे म्हणाले की ग्रामीण भागातून चौकशी वाढते आहे, लोक आता चुना सोडून चांगला रंग मागतात. टिपणीस मॅडम उभ्यानेच ऐकत होत्या. लिहून काही घेत नव्हत्या. मध्येच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा शेठकडे.

सोलापुरातली दोन्ही दुकानं अशी झाली. गाडीत बसल्यावर त्यांनी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, “पटवेकर, ते बोलत होते तेव्हा तुमचे ओठ हलत होते.”

मी गाडी चालू केली. एप्रिलचा मध्य होता आणि स्टिअरिंगला हात लाववत नव्हता.

मी तेव्हा रंग बनवणाऱ्या एका कंपनीत सेल्स ऑफिसर होतो. सोलापूर आणि बार्शीकडचा भाग माझ्याकडे होता. मॅडम मुंबईहून आल्या होत्या, शेअर ब्रोकिंगच्या एका फर्मच्या रिसर्च विभागातून. कंपन्यांचा अभ्यास करून त्यांच्या शेअरबद्दल मत लिहायचं, हे त्यांचं काम. आमच्या कंपनीबद्दल त्या दर वर्षी लिहीत. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसने कळवलं होतं की त्यांना एक दिवस दुकानं बघायची आहेत. आमचे एरिया मॅनेजर चौगुलेसाहेब मला म्हणाले, “तीन दुकानं. चांगली. आधी जाऊन ये. बाकी तुला कळतंच.”

मला कळत होतं. पण चौगुलेसाहेबांना हे माहीत नव्हतं की मी दोन वर्षं अशाच फर्मना अर्ज पाठवत होतो. मी एम.एस्सी. केमिस्ट्री. रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेसाठी मुलाखत दिली आणि जागा सेल्समध्ये मिळाली. काम करताना मला नको ते प्रश्न पडायचे. एकदा माझ्या लक्षात आलं की दुकानातून रंगाआधी भिंतीला लावायची पुट्टी जास्त आणि रंग कमी गेला तर त्या गावात नवी घरं होतायत, आणि उलट असेल तर जुनीच घरं पुन्हा रंगवली जातायत. मी वर्षभराचे आकडे मांडून साहेबांना पाठवले. साहेबांनी उत्तर दिलं, “छान. टार्गेटचं काय झालं?” असल्या प्रश्नांचा पगार देणारी माणसं जगात आहेत, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. अर्जांना मात्र कोणी उत्तर देत नसे. दिलंच तर एवढंच, की तुमचा अनुभव विक्रीचा आहे.

आणि आता तसलं एक माणूस दिवसभर माझ्या गाडीत होतं.

बार्शी रस्त्याला लागल्यावर मी हळूहळू विषय काढला. मॅडम पन्नाशीच्या जवळ असतील. त्यांनी चपला काढून पाय जरा वर घेतले होते आणि घोट्यांशी सूज दिसत होती. त्यांनी सांगितलं की वर्षातून पाच-सहा वेळा असं हिंडणं होतं, कधी सिमेंट, कधी खतं, कधी ट्रॅक्टर. प्रत्येक गावात एक हुशार मुलगा गाडी घेऊन उभा असतो आणि प्रत्येक दुकानात माल पुरत नसतो. “मग येताच कशाला?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “घरी बसून लिहिलं तर झोप लागत नाही. इथे येऊन लिहिलं तरी लागत नाही, पण थकवा असतो.”

मी त्यांना पुट्टीचं सांगितलं. त्या सरळ होऊन बसल्या. दोन प्रश्न विचारले, तेही नेमके: रंगारी पुट्टी दुसऱ्या कंपनीची आणत असतील तर? जुन्या घराला पुट्टी लागतच नाही का? एकाचं उत्तर माझ्याकडे होतं, दुसऱ्याचं नव्हतं, आणि नाही म्हणून मी सांगितलं. मग त्यांनी माझं शिक्षण विचारलं. मी सांगितलं, अर्जांचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या टीममध्ये एक जागा रिकामी होणार आहे. एवढंच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

एका ढाब्यावर आम्ही जेवायला थांबलो. भाकरी, शेंगाचटणी, दही. मी जेवत नव्हतोच. एकच गोष्ट डोक्यात होती. माझ्याकडे असं काही होतं जे या बाईंना मुंबईत बसून कधीच मिळालं नसतं. ते मी त्यांना दिलं की त्या मला विसरणार नाहीत, असा माझा हिशेब होता. तीन वर्षं विक्री केलेला माणूस दुसरा कसला हिशेब करणार?

“मॅडम, खरं सांगू का? मार्चचे आमचे जे आकडे आहेत ना...”

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. “थांबा.”

“नाही, मी तुम्हाला फक्त माझ्या भागाचं—”

“पटवेकर, थांबा म्हणते ना.” आवाज चढला नव्हता. “तुम्ही कंपनीचे नोकर आहात. तुमच्या तोंडून आतला आकडा माझ्या कानावर पडला की मला या कंपनीवर लिहिता येत नाही. ऑफिसला कळवावं लागतं. कायदा आहे. एवढी वर्षं मी जे केलं ते एका भाकरीवर संपायचं.”

मला वाटलं होतं मी भेट देतोय, आणि त्यांच्या लेखी मी त्यांच्या ताटात भलतंच काही टाकायला निघालो होतो.

त्यांनी जेवण संपवलं. हात धुऊन आल्या आणि खाटेवर बसून म्हणाल्या, “आतलं सोडा. आज सकाळपासून मी जे पाहिलं आणि ऐकलं, फक्त त्यावरून तुम्हाला लिहायचं असेल तर काय लिहाल?”

हा प्रश्न त्या सहज विचारत नव्हत्या, हे मला समजलं. चौगुलेसाहेबांना हवं असलेलं उत्तर मला पाठ होतं: मागणी चांगली, माल अपुरा. उलट उत्तरही देता आलं असतं.

“काहीच लिहिणार नाही,” मी म्हणालो. “दुकानं मी निवडली होती. काल येऊन झाडूनपुसूनही मीच गेलो होतो. नमुना कोणी उचलला ते माहीत असताना त्यावरून निष्कर्ष काढला, तर कॉलेजात आम्हाला प्रयोग पुन्हा करायला लावायचे.”

मॅडम हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच. “तिसरं दुकान बार्शीत ना? तेही झाडलेलं?”

“हो.”

“मग ते राहू दे. पुढच्या गावात मला जी पहिली पाटी दिसेल तिथे थांबायचं.”

पुढचं गाव वैराग. तिथे आमच्या कंपनीचं दुकान एकच होतं, शिवलिंग कोऱ्यांचं, आणि पाटी रस्त्यावरूनच दिसायची. मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही.

कोरे पंख्याखाली बनियनवर बसले होते. मला बघून त्यांनी शर्टही चढवला नाही. “या, या पटवेकर. आज कसा काय रस्ता चुकला? मार्च तर कधीच सरला की ओ.”

मी ओळख करून दिली, मुंबईच्या मॅडम, कंपनीचा अभ्यास करायला आल्यात. कोऱ्यांनी हात जोडले आणि तेव्हा शर्ट चढवला. त्यांच्या दुकानात बाकी कंपन्यांचाही माल असे. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला, मागणी कशी आहे. कोऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या चेहऱ्यावर त्यांना वाचायला काही मिळालं नसावं.

“मागणी?” ते म्हणाले. “औंदा बांधकामच कुठंय? पाण्याची बोंब. गवंडी बसून आहेत.”

एवढ्यात आतलं दार उघडून त्यांच्या बायको बाहेर आल्या. दुकानामागेच घर होतं. बाईमाणूस आलंय आणि दुकानात उभं आहे, हे त्यांना बरं वाटलं नाही. कोऱ्यांनी “अगं, मॅडमना घाई असंल” म्हटलं, पण वहिनींनी ऐकलं नाही. घरी आलेली बाई कुंकू न लावता जाते होय? मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग वहिनींकडे, आणि त्यांच्यामागून आत गेल्या. कोरे अर्धवट उठले आणि परत खाली बसले.

त्यांना का उठावंसं वाटलं, ते मला माहीत होतं. आत काय आहे ते मीच तिथे ठेवलं होतं.

दार उघडंच राहिलं होतं. मला आतलं अर्धं घर दिसत होतं. वीस वीस लिटरच्या पांढऱ्या बादल्या भिंतीला लागून वरपर्यंत रचलेल्या. पलंगाच्या पायथ्याशी बादल्या, शिलाई मशीनवर बादल्या. देव्हाऱ्यापुढे जाण्यापुरती वाट सोडलेली. वहिनी त्या वाटेने तिरक्या होऊन गेल्या, कुंकवाचा करंडा घेऊन तिरक्याच परत आल्या. मॅडमना बसायला त्यांनी एक बादली पुढे ओढली, तिच्यावर सतरंजी टाकली. “बसा. खुर्ची काढायला जागाच न्हाई बघा,” त्या म्हणाल्या, अगदी सहज, पाहुण्याला उन्हाळ्याबद्दल बोलावं तसं.

मॅडम बादलीवर बसल्या. त्यांनी कुंकू लावून घेतलं, ताक घेतलं. दोघी बोलत राहिल्या. काय ते मला ऐकू येत नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांनी कोऱ्यांना शांतपणे विचारलं, एवढा माल का घेतलात? कोऱ्यांनी लपवलं नाही. म्हणाले, “मी कुठं घेतलाय? ह्यांनी टाकलाय. मार्च संपता संपता ट्रक आला. म्हणाले, मामा, एवढं उतरवून घ्या, जूनपर्यंत खपलं नाही तर मी स्वतः परत उचलतो. चांगलं पोरगं आहे, म्हटलं, उतरव. विचारा की त्यालाच, म्हणालावतास का नाही रे?”

“त्यांना नका विचारू,” मॅडम लगेच म्हणाल्या. “मी तुम्हाला विचारलं, तुम्ही सांगितलंत. त्यांनी माझ्यासमोर काही बोलायचं नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी गाडीत बसते. तुमचं काही काम असेल तर उरकून या.”

त्या उन्हात गेल्या.

माल परत घेण्याचा हा शब्द आमच्या धंद्यात सगळेच देत. कधी कोणी लिहून देत नसे. लिहिलं की ती विक्री राहत नाही, आणि विक्री राहिली नाही तर मार्चचा आकडा राहत नाही. दुकानदारही लिहून मागत नसत, कारण मागणं म्हणजे पोरावर अविश्वास. शब्द कंपनीचा नसायचा, पोराचा असायचा. पोराची बदली झाली की शब्दही बदली होऊन जायचा.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या कौतुकाने म्हणाल्या, “मॅडम म्हणत हुत्या, हा मुलगा हुशार आहे, आमच्याकडं मुंबईला यायला पायजे.”

कोऱ्यांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. पुन्हा लावला.

“म्हणजे तू पण निघालास,” ते म्हणाले.

“अजून काही नक्की नाही, मामा.”

“तुझ्या आधी तो कुलकर्णी हुता. मग तो लातूरचा. दोघांनी बी असंच सांगितलं. निम्मा माल मी मातीमोल भावात काढला. तू नवीन आलास तवा बायको म्हणाली, पुन्यांदा फशी पडू नका. मी म्हटलं, हे शिकलेलं पोरगं आहे, रंगात काय काय असतंय ते समजावून सांगतंय. हे तसलं न्हाई.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर मला जड गेलं नसतं. “जा बाबा. चांगली नोकरी मिळतीया तर जा. तुझी काय चूक? ह्या खुर्चीत कोणबी बसला तरी हेच.”

मला एवढं आठवतं की मी दमलो होतो. त्या दिवसाच्या उन्हाने नव्हे. प्रत्येक मार्चला मामा म्हणण्याने, बायकोमुलांची चौकशी करण्याने, मी खरंच चौकशी करतोय की ट्रक उतरवतोय हे मलाच न कळण्याने. या सगळ्यातून निघायची वाट बाहेर गाडीत बसली होती. ती धरायला मला फक्त दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या होत्या.

मी कोऱ्यांच्या गल्ल्यावरचं बिलबुक ओढलं आणि एका पानाच्या मागच्या रिकाम्या बाजूवर लिहिलं. मार्चमध्ये उतरवलेला माल दुकानदाराने मागवलेला नव्हता, न खपलेला सगळा माल कंपनीने परत घेण्याचं मी कंपनीच्या वतीने कबूल केलं होतं. खाली सही केली, नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. कोरे वाचत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

“हे चालंल का?” त्यांनी विचारलं.

“चालवावं लागेल. चौगुलेसाहेबांना फोटो पाठवा. आजच पाठवा.”

“आणि तुझं?”

वहिनींनी मलाही ताक दिलं. ते मी उभ्यानेच प्यायलो.

गाडीत मॅडमनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सोलापूर जवळ आल्यावर त्याच बोलल्या. आत त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं आणि कोरे जे म्हणाले, ते त्यांच्या कामाचं होतं. एका दुकानावरून काही ठरत नाही, त्या आणखी जिल्ह्यांत जाणार होत्या, स्वतः दुकानं निवडून. तसंच निघालं तर त्या तसं लिहिणार होत्या.

“आणि पटवेकर, ती जागा. जेवल्यावर मी तुम्हाला विचारणारच होते. आता विचारता येणार नाही. माझं लिखाण बाहेर पडलं आणि पाठोपाठ तुम्ही माझ्याकडे नोकरीला दिसलात, तर कोण म्हणेल की मी कोऱ्यांच्या घरात बसून पाहिलं? सगळे म्हणतील, पोराला नोकरी दिली आणि कंपनीतलं काढून घेतलं. तुमच्यावरही शिक्का बसेल, या धंद्यात पाय ठेवायच्या आधीच. निदान कंपनीचे पुढचे तिमाही निकाल येऊन जाईपर्यंत मी तुमचा फोनही घेणार नाही.”

“चालेल,” मी म्हणालो.

“तोपर्यंत काय कराल?”

“विकेन काहीतरी.”

स्टेशनवर त्यांनी बॅग स्वतः उचलली. कपाळावर कुंकू तसंच होतं, घामाने थोडं पसरलेलं. जाताना त्यांनी मागे वळून हात वगैरे केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौगुलेसाहेबांनी बोलावलं. कोऱ्यांचा फोटो त्यांच्या मोबाइलवर होता. त्यांनी दार लावलं, पण ओरडले नाहीत. “लेटरहेड नाही, ते एक बरं केलंस,” म्हणाले. “सही तुझी नाही असं म्हणतोस का? मी सांभाळून घेतो.” मी म्हणालो, सही माझीच आहे. त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, “एवढी वर्षं शब्दावर काढली रे आम्ही. कुणी लिहून मागितलं नाही. त्याने मागितलं का?”

“नाही.”

“मग?”

उत्तर त्यांना फारसं नको असावं. राजीनाम्याचा कागद त्यांनी स्वतःच पुढे सरकवला. कोऱ्यांचा माल कंपनीने जूनच्या आधी उचलला. कागद वरपर्यंत जायला नको म्हणून गुपचूप उचलला, कोऱ्यांनीच फोन करून सांगितलं. घरातली खुर्ची पुन्हा जागेवर आली म्हणाले.

मी लातूरला सोलर वॉटर हीटर विकायला लागलो. त्या दरम्यान मॅडमचा रिपोर्ट आला, आमच्या कंपनीचा शेअर विकावा असं त्यात होतं. पुढच्या निकालात विक्री खरंच पडली. मी ते पेपरात वाचलं, एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर पाइप जोडणाऱ्याची वाट बघताना. फोन काही आला नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी वाट बघायचं सोडून दिलं असं म्हणता येणार नाही, पण सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मोबाइल बघायचं सोडलं होतं.

फोन आला तेव्हा मी अंबाजोगाई रस्त्याच्या एका नव्या बंगल्याच्या गच्चीवर होतो. बंगल्याचे मालक निवृत्त मुख्याध्यापक होते आणि त्यांना हीटर घ्यायचाच होता. सही करायची तेवढी राहिली होती. मॅडम म्हणाल्या, “पटवेकर, आता बोलता येईल.”

मी म्हणालो, “मॅडम, समोर गिऱ्हाईक आहे. थोड्या वेळाने करू का?”

“करा,” त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी विचारलं की ढग असले तरी पाणी तापतं ना. हा प्रश्न सगळे विचारत आणि त्याचं एक ठरलेलं उत्तर होतं, ते मला झोपेतही देता आलं असतं. मी त्यांना सांगितलं की सलग ढग राहिले तर पाणी कोमट येईल, आणि तेव्हा वीज लागेलच. तुमच्या गच्चीवर त्या बाजूच्या इमारतीची सावली दुपारनंतर येते, त्यामुळे इतरांपेक्षा तुम्हाला थोडी जास्तच लागेल. त्यांनी सावली कुठून कुठे जाते ते विचारलं. मी खडूने गच्चीवर आखून दाखवलं. आम्ही दोघंही उकिडवे बसून ते बघत राहिलो.

त्यांनी हीटर घेतला नाही. मला चहा मात्र दिला. तो पिऊन मी खाली आलो, फाटकाबाहेर सावलीत उभा राहिलो आणि मॅडमना फोन लावला.